मागची रांग, डावीकडून तिसरा

सेक्रेटरी म्हणाले, स्मरणिका काढायची आहे.
कुमार संघाचा इतिहास, चाळीस पानं,
त्यातली सोळा जाहिरातींची.
आणि कपाटाची किल्ली दिली.

कपाटात इतिहास असा होता:
तीन वर्षांचे निकाल, चौथ्या वर्षी वाळवी,
प्रवासभत्त्याची व्हाउचरं, पंपाची गंजकी सुई,
बुटांच्या मापांची यादी –
सात, सात, साडेसहा, बूट नाहीत, सात –
आणि फोटो.
प्रत्येक फोटोत अठरा पोरं, हाताची घडी,
मिसरूड फुटली तर ओरडा बसेल असे चेहरे.
जर्सीचा निळा दरवर्षी थोडा धुतला जायचा,
मार्गदर्शकाचं पोट पुढे यायचं,
पोरं मात्र एकोणिसाच्या आतलीच.
इतकी वर्षं झाली संघाला
आणि अजून वयात आलेला नाही.

एका फोटोमागे शाईने सतरा नावं.
मागची रांग, डावीकडून तिसरा: नुसती रेघ.

आग्रीपाड्याच्या फरीद रेफ्रींनी चष्मा कपाळावर नेला.
'हा तर बोद्दुल. कामाठीपुऱ्याचा. डावखुरा पाय.'
आणि मग, खालच्या आवाजात,
आजाराचं नाव घ्यावं तसं:
'मनगट.'

राजेशम बोद्दुल.
बेस्टच्या डेपोत टायर बदलून निवृत्त,
अकराव्या गल्लीत, पोटमाळ्यावर.
फोटो लांब धरला, मग आणखी लांब.
'मी संघात नव्हतो. लिहू नका.'

फोटो काढला सकाळी, कूपरेजच्या लाकडी स्टँडसमोर.
दुपारी रिपोर्ट आला.
मनगटाची हाडं जुळलीत, डॉक्टर म्हणाले,
जुळलेलं हाड एकोणिसाच्या पुढचं.
'आणि खरं वय?'
'शाळेत मास्तरांनी एक जून लिहिलं,
अर्ध्या वर्गाचं लिहिलं तसं.
आई म्हणायची, तू झालास ते संपाचं वर्ष.
आता गिरणीत संप नव्हता असं वर्ष कुठलं?'

ब्लेझर परत घेतला,
ज्याने शिवला त्याच शिंप्याकडे दिला,
बाह्या आखूड करायला,
दुसऱ्या मुलासाठी.

संघ विमानाने गेला. दोन हरले, एक बरोबरी.
ती बरोबरी यांनी न्हाव्याकडे वाचली,
पेपरच्या शेवटच्या पानावर,
महालक्ष्मीच्या घोड्यांच्या खाली.
घोड्यांची वयं दिली होती, म्हणाले.
तीन वर्षं. चार वर्षं. कुणाला शंका नाही.

मी वही मिटत होतो, तेव्हा उठले
आणि ट्रंकेमागून खाकी पाकीट काढलं.
'हा एकच फोटो माझा, त्या संघातला.'
एक्स-रे.
'पंच्याण्णवच्या ग्रहणाला गल्ली गच्चीवर,
काळी काच कुणाकडे नाही.
मग हाच फिरवला हातोहात.
म्हाताऱ्यांनी पाहिलं, बाजूच्या माडीवरच्या बायकांनी पाहिलं,
बीटच्या हवालदारानेही टोपी काढून पाहिलं.
पन्नास माणसांनी माझ्या मनगटातून
सूर्य बघितला.
मी शेवटी बघितला. तोवर सुटत आलं होतं.'

ट्यूबलाइटवर धरला त्यांनी.
बोटांची पांढरी काडी-काडी, मग खडे,
मग ते हाड.
नखाने दाखवलं:
'इथे फट हवी होती. केसाएवढी.
तेवढी असती तर डाव्या बगलेतून...'
पुढचं वाक्य
नातवंडाने खालून हाक मारली त्यात गेलं.

मी म्हटलं, छापू या. बावीस नंबरचं पान रिकामं आहे.
खाली काय लिहू? डावा हात, उजवा हात?

फिल्म त्यांनी उलटी केली. मग सुलटी.
कोपऱ्यातलं अक्षर कधीच खरवडलं गेलेलं.
मग ती माझ्या हातात दिली
आणि स्वतःची दोन्ही मनगटं
ट्यूबच्या उजेडात धरून
आळीपाळीने बघत राहिले.