आठवी ओळ

नार नदीच्या वळणावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीला
काळा रंग फासून केलेला आमचा फळा.
वर पांढऱ्या पेंटने सूचना,
पण उकार पावसाने नेला, तेव्हापासून नुसतंच 'सचना'.
आठ ओळी मावतात.
नववी लिहायची तर उकिडवं बसावं लागतं,
आणि तिथे कोंबड्या असतात, वाचत कुणी नाही.

आधी जावजी भोये लिहायचे.
मोतीबिंदू पिकला तेव्हा खडूंचा डबा घेऊन
अंगणवाडीत आले, माझ्या रजिस्टरावरच ठेवला.
म्हणाले, अक्षर ठसठशीत काढत जा बाई,
या खोऱ्यात डोळे पुष्कळ आहेत,
चष्मे दोनच.

तेव्हापासून मी लिहिते.
उंबरपाड्याचं रोहित्र जळालं, चार दिवस धीर धरा.
स्ट्रॉबेरीचा टेम्पो पहाटे तीनला निघेल,
पेटीवर नाव टाका, मागच्या वेळी मावजीची पेटी
काशिरामच्या हिशेबात गेली आणि
दोघांचं बोलणं अजून बंद आहे
(हे लिहिलं नाही, सगळ्यांना ठाऊकच आहे).
डोंगऱ्यादेवाला पावरी वाजवणारा हवा,
आपला लखमा दातांनी हैराण आहे.
मुक्कामी एस.टी. आज येणार नाही.
उद्याचंही सांगता येत नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी वरच्या पाड्यावरून
झिमलीबाई गांगोडे उतरून आली, एवढं अंतर, अनवाणी,
आणि मी आठवी ओळ लिहिली:
हरवली. तांबडी शेळी. डावा कान फाटका.

मग खोरं हललं.
लाकडाला जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून
तिच्या ओट्यावर टेकू लागल्या.
टेम्पोवाला म्हणाला, बाऱ्ह्याच्या बाजारात
तशीच एक पाहिली, पण तिचे कान धड होते.
शाळेची पोरं केमच्या डोंगरापर्यंत जाऊन आली,
येताना खिशात आवळे, गुडघ्यांना खरचटलेलं,
आणि गणिताचा तास बुडालेला.

तिसऱ्या आठवड्यात मी विचारलं, पुसू का?
राहू दे, म्हणाली,
आणि खुरासणीच्या चटणीची पुडी हातात कोंबली.
म्हणून मी रोज सात ओळी पुसायची,
आणि आठवीच्या भोवतीने
चूल सारवताना फिरवतात तसा
फडका फिरवायची.

मग बाळांची वजनं घ्यायला वर गेले.
झिमलीबाईच्या घरामागे, मोहाच्या बुंध्याला,
तांबडी शेळी. डावा कान फाटका.
अंगाला दोन करडं ढुशा देत होती.

मी वजनकाट्याकडे पाहिलं.
तिने माझ्याकडे.
तिसऱ्याच दिवशी आली गं, म्हणाली,
सांगणार होते. पण त्या दिवशी आठ जण येऊन गेले.
नवरा गेला तेव्हासुद्धा
एवढी माणसं बसली नव्हती इथे.
चहापत्ती दोनदा आणली मी या महिन्यात.

उतरताना काटा खांद्याला लागत होता.
खोटं लिहायचं नाही,
एवढीच एक अट जावजींनी घातली होती.
त्यांच्या दारात थांबले, पण तोंड उघडेना.
तेच म्हणाले, आठवी ओळ आहे ना अजून?
मी म्हटलं, आहे.
असू दे. परवा नातवाचा हात धरून जाऊन आलो.
आलं घालून चहा करते.
अन् शेळी, मेली, सारखी ओरडत होती मागे.

म्हणजे डोळ्यांनी अधू माणसालाही कळलेलं.
मग टेम्पोवाल्याला? लाकडाच्या बायकांना?
पोरांना तर नक्कीच. करडांची नावं
त्यांनीच ठेवली असणार.

आज रंगपंचमी. आठवी ओळ पुसट झालेली.
खडू पाण्यात बुडवून पुन्हा गिरवली,
'फाटका'तला काना जरा लांब ओढला.
मागे सरून पाहते तर
खाली, कोंबड्यांच्या उंचीवर,
कुणा तिसरीतल्या पोराच्या वाकड्या अक्षरात
नववी ओळ:
शोद चालु आहे.