शेरा

टेबलावर पांढरा दिवा. शेजारी भिंग,
वडील गुजरीत नथीला मोती बसवायचे, त्यांचं.
हात धुतो, पुसतो, पुन्हा पुसतो
आणि कॉमिक उघडतो काटकोनापर्यंतच.
त्यापुढं गेलं की कण्याला चीर जाते,
चिरेपायी गुण जातात.

काल इचलकरंजीच्या बोहराशेठनी पाठवलेला अंक,
कोपरे असे की बोटाला टोचावेत,
पिना चांदीच्या वाटाव्यात,
आतल्या कागदाला अजून छापखान्याचा वास.
दहापैकी नऊ पूर्णांक चार.
सही केली, चहा सांगितला.
अंकात काय होतं ते आता आठवत नाही.

आज साबणाच्या खोक्यातून आलेत एकतीस.
आणणारा पोरगा म्हणाला, "आजोबांची हायती.
रद्दीवाला तीनशे म्हणतोय. तुम्ही बघा तरी."
आजोबा म्हणजे मुनीरभाई बागवान,
शुक्रवार पेठेत जिन्याखालचं वाचनालय,
अनामत दोन रुपये, दिवसाला दहा पैसे.
शहरातला पहिला परीक्षक तोच.
परत आलेला अंक तळहातावर तोलायचा,
अंगठ्यानं पानं भर्रकन सोडायचा कानाजवळ
आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा,
"कोपरा दुमडलायस. पाच पैसे."

अंक सत्तावीस.
मुखपृष्ठावर आडवी तपकिरी रेघ,
एकोणीसच्या पुराची.
वज्रभान कमरेपर्यंत पंचगंगेत उभा,
वर केलेल्या हातानं कुणाला तरी बोलावतोय.
(खरं तर तो उडतोय.)
वाचनालयाचे शिक्के तीन.
मागच्या कूपनाच्या जागी कात्रीचा चौकोन.
एका पानावर तेल, भडंगाचं असावं,
शेंगदाण्याची गोल सावली अजून आहे.
कागद पिवळा गूळ सोडून काकवीच्या रंगाकडं निघालेला.
पिनांचा गंज दोन्ही बाजूंना उतरलाय.
लिहीत जातो. हात थांबत नाही.
पानं मोजतो.
सोळानंतर एकोणीस.

मला माहीत होतं.
मी दहा वर्षांचा, दप्तरात भूगोलाच्या पुस्तकात ते पान,
वज्रभान पहिल्यांदाच मुखवटा काढतो ते.
बहिणीला दाखवायचं होतं. ती सीपीआरमध्ये,
पायाला वजनं टांगलेली.
(आता विचारलं तर म्हणते, "कसलं पान?")
अंक परत करताना मुनीरभाईनं पानं कानाजवळ सोडली,
थांबला,
पुन्हा सोडली
आणि म्हणाला, "बरोबर हाय. जा."
अनामत पुरी हातावर ठेवली.
पंचेचाळीस वर्षं मी समजत होतो,
त्या दिवशी त्याचा कान चुकला.

भिंग खाली नेतो.
मधलं पान फाडलं की जोडीचं सुटं होतं,
हे तेव्हा मला कुठलं ठाऊक.
पंधरा-सोळा कण्याला शिवलेलं आहे,
बारीक टाके, मेण लावलेला दोरा,
चपलांच्या वेणीला वापरतात तसला.
सात टाके. मी दोनदा मोजले.
एकही अक्षर शिवणीखाली गेलेलं नाही.

नियमानं शिवण म्हणजे दुरुस्ती, गुण आणखी कमी.
मी गुण वाढवून देत नाही,
कुणाच्याच नावावर नाही.
एक पूर्णांक शून्य.
शेऱ्याच्या रकान्यात लिहितो,
पान सतरा-अठरा गहाळ.
मग गहाळ खोडतो.
परीक्षकानं फाडलं,
एवढं त्या रकान्यात बसतं.

पोरगा दारातनं विचारतो, "काय येईल ओ?"
मी म्हणतो, थांब जरा.
अजून तीस आहेत.