न फवारलेलं झाड

रादिम बोटीवर कामाला गेला,
जाताना माझ्या स्वयंपाकघरात ठेवून गेला
जाळीचा एक उभा पिंजरा, एक दिवा,
आणि ओल्दा : वीतभर सरडा, दोन डोळे दोन दिशांना.
दारातून म्हणाला, "आतली काठी प्लॅस्टिकची आहे.
पाय सरकतो त्याचा. बघ काहीतरी."
बघ काहीतरी.
आमच्या घरात निरोप असेच घेतात.

फेब्रुवारीत ओलोमौत्समध्ये फांद्यांना काय तोटा.
नदीकाठी वादळानं पाडलेला ढीगच होता,
पण उचलली की बोटांना भुसा लागायचा,
आत पांढरी बुरशी, जुन्या गादीसारखी.
पाइनला हात लावला, तळहात चिकटला;
दिव्याखाली ही राळ पाझरत राहणार.
कबरस्तानातला यू लांबूनच बघितला.
विषारी झाड, आणि त्याच्याखाली आमचे आजोबा.
दोघांनाही न दुखावलेलं बरं.
रस्त्याकडेच्या झाडांनी हिवाळाभर मीठ प्यालेलं.

जाडी किती हवी, ते मी ओल्दालाच विचारलं.
करंगळी पुढे केली. त्यानं पकडली,
दोन बोटं एकीकडून, तीन दुसरीकडून,
जणू ट्राममधला दांडा.
एवढी. आणि काही अंगठ्याएवढ्या, काही पेन्सिलीएवढ्या.
एकाच मापावर उभं राहून पाय कसे धरतात
ते डेपोतल्या बावीस वर्षांनी मला शिकवलंय.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात.
मी कुंपणापलीकडे वाकले.
कुबीचेक शिडीवर, हातात करवत,
खाली सफरचंदाच्या फांद्यांचा सडा.
"फवारता का हे झाड?" मी ओरडले.
तो खाली उतरला. सावकाश.
"ती फवारायची," म्हणाला. "बोझेना.
एप्रिलमध्ये, निळ्या पंपानं, नाकाला रुमाल बांधून.
पंप शेडमध्ये आहे अजून. तीन वर्षं झाली.
किडकी येतात आता फळं."
हे त्यानं माफी मागितल्यासारखं सांगितलं.
"मला तेच हवंय," मी म्हणाले,
आणि बोलून गेल्यावर जीभ चावली.

त्यानं फांद्या स्वतः निवडल्या.
वाळलेली एक माझ्याआधी त्यानंच मोडून पाहिली, टाकून दिली.
दुबेळक्याची एक पुढे धरली :
"ही आमच्या खिडकीसमोरची."

मग काम. साबण नाही, नुसतं गरम पाणी
आणि भांड्यांचा नवा ब्रश.
शेवाळ निघालं, कोळ्याचं रिकामं घर निघालं,
साल मात्र ठेवली, नखांना धरायला.
कापलेली टोकं कानसेनं गोल केली.
टबात रात्रभर भिजत घातल्या
(मी सकाळी बेसिनशी उभी राहून अंग पुसलं)
आणि मग ओव्हन, एकशे वीसवर, तासभर,
स्टुलावर बसून, डोळा न हलवता.
लाकूड पेट घेईल ही भीती.
पेटलं नाही. नुसता वास सुटला,
वरच्या मजल्यावरची पोरगी दार वाजवून म्हणाली,
केक कधी होणार?

गार झाल्यावर बसवल्या. तिरप्या, आडव्या,
दिव्यापासून हातभर लांब.
प्रत्येकीला मी माझ्या मुठीनं जोर देऊन हलवलं;
ओल्दा पडला तर रादिमला कुठल्या बंदरावर कळवू?

दोन दिवस त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.
जाळीला लोंबकळून बसला, मातकट, रुसलेला.
मी मनातल्या मनात दोघांना शिव्या दिल्या.

तिसऱ्या संध्याकाळी कुबीचेक आला.
स्वच्छ शर्ट. हातात काही नाही.
आम्ही दिवा न लावता बसलो, पिंजऱ्यातला तेवढा उजेड.
ओल्दानं एक पाय पुढे काढला,
हवेत झुलवला, मागे घेतला, पुन्हा काढला,
ठरवायला त्याला आयुष्य पडलं होतं,
आणि दुबेळक्यावर बसला.
मातकटातून हिरवा हळूहळू वर आला.

कुबीचेक बराच वेळ काही बोलला नाही.
नंतर टोपी शोधत म्हणाला,
"पंप द्यायचाय कुणाला तरी.
तुझ्या ओळखीत आहे का कोणी?"