पाणी वर येतं तिथे

रात्री एक ते पहाटे चार माझी ड्यूटी.
रहदारी निजली की मगच रस्ता बोलतो.
गुलटेकडीच्या चढावर, झाकणाशेजारी,
लोखंडी कांब टेकवायची, वरचं टोक कानाला,
आणि श्वास धरून ऐकायचं:
खाली कुठे वाहिनी फुसफुसते आहे का.
तेवीस वर्षं हेच. डावा कान माझा कधीचा कायम झाला,
उजवा अजून रोजंदारीवर.

नव्या पोरांना पहिल्या रात्री सांगतो,
ओल दिसली म्हणून तिथे खणू नका.
पाणी वर येतं तिथे गळती नसते.
ते खडकावरून, जुन्या चरातून, वाट फुटेल तसं जातं
आणि भलत्याच्याच दारात उगवतं.

हे मला पाठ होतं.
तरी घरात, ओल दिसेल तिथे कुदळ.
पोराच्या ओल्या टॉवेलवर.
सुमनच्या ‘जरा ऐकता का’वर.
एका दिवाळीत तर बल्बवर,
नुसता लुकलुकत होता बिचारा.

रिटायर होताना भिंताडे म्हणाले,
“सुदाम, रस्त्याला कान लावतोस, स्वतःला कधी लावलास?
पहाटे घरी गेलास की लगेच आडवा होऊ नको. बस.
राग आला तर त्याला विचार, कुणाला आलाय?
उत्तर तू देऊ नको.
कांब धरून ठेव नुसती.”

बसलो.
पहिले दोन महिने गुडघेच बोलले.
मग सातव्या आयोगाचा फरक,
मग वरच्या मजल्यावरचा मिक्सर.
ध्यान म्हणजे शांतता, असं ज्याचं म्हणणं असेल
त्याने एकदा दत्तवाडीत बसून दाखवावं.

एका पहाटे आतून आईची हाक, पाणी दे रे.
मी म्हणालो, “आलोच,”
आणि उठलो नाही.
नेहमीचंच.
पण त्या दिवशी कांब हातात होती.
कुणाला आलाय राग?
मला.
मला म्हणजे कुणाला?

बराच वेळ काहीच नाही.
मग फार खोलवर, सुईएवढा आवाज.

सासवडचा एसटी स्टँड.
मी नऊ वर्षांचा, मावशीच्या बोटाला.
खिडकीत आई, मांडीवर धाकटी.
“आलेच हं,” म्हणाली,
आणि गाडी पुण्याकडे वळली.
चौदा महिन्यांनी आली.

वडील तेव्हा औंधच्या दवाखान्यात, छातीच्या वॉर्डात.
तिने चार घरची धुणी धरलेली.
हे मला कळतं. चाळीस वर्षं कळतंय.
पण रोज साडेपाचच्या गाडीला जाऊन उभा राहणारा तो पोरगा,
त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

मी त्याला समजावलं नाही.
त्याच्या शेजारी बसलो, स्टँडच्या बाकावर.
गाड्या येत राहिल्या, माणसं उतरत राहिली.
आधी छाती दुखली, मग घसा,
मग डोळ्यांतून जे आलं
ते थेट तिथूनच येत होतं.
अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं असं,
ओल आणि गळती एकाच जागी.

उठलो. तांब्या भरला.
तोवर तिचा डोळा लागला होता.
तांब्या उशाशी ठेवला, वर फुलपात्र पालथं घातलं,
आणि खाली फरशीवर बसून राहिलो.
तिच्या मनगटाशी एक शीर उडत होती.
कान लावावासा वाटला. लावला नाही.

बरा झालो का?
काल परत टॉवेलवरून ओरडलो.
अर्ध्यात थांबलो, इतकंच.
पोरगा बघत राहिला.
ओरडण्याची त्याला सवय आहे,
थांबण्याने दचकला.

आमच्या रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
जागा सापडली, पण रस्ता फोडायची परवानगी आली नसेल,
तर मी तिथे लिहितो:
खडूने खूण केली आहे.