पाऊण इंच

भालूदादा गाडीखाली सरकला तेव्हा
आमच्यात बोलणं नव्हतं.
तीन वर्षं झाली होती. कारण सांगत नाही,
सांगितलं तर दोघंही लहान दिसू.

पण आरसी बुकावर नावं दोघांची,
आणि कात्रजच्या चढावर
मॉरिस मायनरनं हात टेकले होते:
इंजिन ओरडतंय, चाकांना ऐकू जात नाही,
मागून ट्रकवाल्यांचे आशीर्वाद,
आणि वास असा
की कोणी तव्यावर चप्पल भाजतंय.

चूक माझीच.
गिअर खरखरतो म्हणून मी क्लचचा नट
फिरवत गेलो, फिरवत गेलो,
आटे संपेपर्यंत.
मला वाटलं, घट्ट म्हणजे नीट.

टोचन करून धनकवडीला आणली.
फोन केला वहिनीला.
ती एवढंच म्हणाली, "पाठवते."

तो आला. खाकी पिशवी, खडकीच्या फॅक्टरीतली,
एकतीस वर्षांच्या फिटरकीचे पाने तिच्यात.
आधी बॉनेटवर हात ठेवला,
मग गाडीकडे बघतच म्हणाला,
"काय करून ठेवलंय हिचं."
कर्ता गाळून.
आमच्या घरात भांडणं अशीच पुढे सरकतात.

जॅकचा भरवसा नाही म्हणून विटा लावल्या.
पोतं अंथरलं. तो आडवा झाला
आणि मला दिसत राहिले फक्त त्याचे पाय,
उजव्या सॅंडलचा बंद तारेनं शिवलेला.

"दाब."
दाबलं.
"सोड."
सोडलं.
"पायानं नको. हातानं.
पायाला कळत नाही रिकामं कुठे संपतं."

मग मी दाराशी गुडघे टेकले,
डोकं स्टिअरिंगखाली घातलं.
पेडलच्या फटीतून त्याच्या बॅटरीचा उजेड
माझ्या तळहातावर येऊन थरथरत होता.
म्हणजे त्याचा हात थरथरत होता.
हे नवीन होतं. मला माहीत नव्हतं.

"पिन गेलीय. भोक लंबुळकं झालंय.
नट आवळून काय होणार? झीज इथे आहे."

नाना पेठेत पोरवालांच्या काउंटरवर
तो पोरगा म्हणाला, "मॉरिस? म्हणजे कुठली कंपनी?"
आतून म्हातारे शेठ उठले, चष्मा कपाळावर,
डबे उपसून
कुठल्याशा ट्रॅक्टरची एक पिन दिली. "घासून घ्या."

दादानं कानस काढली.
चार फटके, फुंकर, बोट फिरवून बघणं.
पुन्हा चार.
दुपार तशीच गेली. स्प्रिंग एकदा निसटून
वॉचमनच्या खुर्चीखाली गेली,
तेव्हा आम्ही दोघंही रांगत होतो
आणि हसू येऊ नये म्हणून
मी पार्किंगच्या भिंतीकडे बघत राहिलो.

"आता दाब. हळू.
लागलं?"
नाही.
"आता?"
नाही.
"आता?"
लागलं.
"किती आलं?"
फूटपट्टी धरून सांगितलं, पाऊण इंच.
"एवढं रिकामं जाऊ दे. मग धरेल."

लॉकनट बसला. प्लेट जळाली होती थोडी,
वर्षभर जाईल म्हणाला.
निरम्यानं हात धुतले, कोपरापर्यंत.
चहा अर्धा ठेवला. साखर जास्त झाली होती,
मधल्या काळात त्याला डायबेटिस झालाय,
हेही मला मग कळलं.

"तू चालव," तो म्हणाला.

पद्मावतीवरून स्वारगेटकडे.
पहिला, दुसरा, लोण्यात सुरी जावी तसे.
त्यानं काच खाली केली,
बाहेर बघत बसला, एक अक्षर नाही.
पण सिग्नलला मी क्लच दाबताना
सहज डावीकडे नजर गेली:
त्याचा डावा पाय
रिकाम्या मॅटवर दाबत होता, सोडत होता,
माझ्यापेक्षा किंचित आधी.