पाऊण सेंटीमीटर

दोन वर्षांखालचं लेकरू झोपवून मोजायचं,
वरचं उभं करून.
ट्रेनिंगात मॅडम म्हणाल्या होत्या,
तेच लेकरू उभं केलं
की पाऊण सेंटीमीटर कमी भरतं.
मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.
उभं राहायला एवढं तर द्यावंच लागत असेल.

पारडीत, रुळांच्या मागे, माझी अंगणवाडी.
मे महिन्यात पत्र्याखाली रजिस्टर उघडलं
तर पानंसुद्धा भाजतात.
सुमेधाला दोन पूर्ण झाले त्या दिवशी
टाचा फळीला, डोकं फळीला, नजर समोर,
आणि वरची पट्टी खाली येत गेली
येतच गेली.
पंच्याहत्तर पॉइंट दोन.
पुन्हा मोजलं. कांताबाईनं पावलं दाबून धरली.
तेवढंच.
मोबाइलात ठिपका लाल.

"आमच्याकडचे सप्पेच बुटके आहे न जी,"
वैजयंता म्हणाली. "मी पाहा ना."

पाहिलं.
एकोणीस वर्षांची आई.
तिला कोणी कधी फळीला उभं केलं नव्हतं.
आणि मी?
बापाची गिरणी बंद पडली त्या साली मी सव्वा वर्षाची,
आज एकशे बेचाळीस,
वरच्या फळीवरचं रजिस्टर काढायला
अजून स्टूल लागतं.
आम्ही दोघी त्याला रक्तातलं समजत होतो.

मग मी घरी गेले तिच्या.
कळमन्याच्या गोदामात ती मिरचीचे देठ खुडते,
किलोमागे पैसे.
साबण लावा, तेल लावा, राख लावा,
बोटांतली आग रात्रीपर्यंत जात नाही.
त्या हातानं वरणभात कालवला
तर पोरगी ओठ पुसत किंचाळते.
म्हणून टोस्ट.
चहात बुडवून, कडेला धरून, सकाळी एक, सांजेला एक.
घरपोच आहाराचं पाकीट शेजारची बकरी खात होती.
बकरीची वाढ उत्तम होती.

आणि नळाचा पाइप नालीतून आलेला.
महिन्यातून दोनदा जुलाब,
हाडांनी वाढायचे ते दिवस
सुमेधानं मोरीजवळ बसून काढले.

भूपेशला, तिच्या बापाला, मी ओरडलेच.
"ई-रिक्षा चालवतोस न? हात तर गार आहेत न तुझे?"
तो हसला, मग लाजला.
पहिल्या दिवशी घास एवढा मोठा केला
की पोट्टीनं थुंकून त्याच्याच शर्टावर ठेवला.
आठ दिवसांनी तो डाळ बोटानं मऊ करत होता,
अर्धं अंडं वाटीच्या काठावर फोडत होता,
रिक्षातल्या सवारीला थांबवून.
एकदा सवारी निघून गेली.
पाइपासाठी बायकांनी चार अर्ज केले,
पाचव्या वेळी अर्ज नाही, नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं,
साहेबाच्या टेबलावर ठेवलं.
दुसरं लेकरू इतक्यात नको,
हे वैजयंतानं मला नाही, कांताबाईच्या कानात सांगितलं.

वजन आधी आलं.
वजनाचं काय, उसनं मिळतं,
एका तापात परत द्यावं लागतं.
उंचीला कोणी उसनं देत नाही.
तीन महिने पट्टी जागची हलेना
आणि मी फळीच खोटी आहे का म्हणून
भिंतीवर टेपनं तपासून पाहिली.

तिसऱ्या वाढदिवसाला पंच्याऐंशी पॉइंट एक.
ठिपका पिवळा.
हिरवा नाही. पर्यवेक्षिका म्हणाली, छान, सुधारणा लिहा.
लिहिली.
गेलेलं किती गेलं, त्याला रकाना नाही.

दुपारी सगळी पांगली,
सुमेधा चप्पल विसरली म्हणून परत आली
आणि आपणहून फळीला जाऊन उभी राहिली.
"मोजा न जी."
चवड्यांवर होती. मान ताणलेली, श्वास धरलेला.
टाचा खाली ठेव म्हणणं माझं कामच आहे,
बारा वर्षं दुसरं काय म्हणते मी.

पट्टी हलकेच टेकवली तिच्या केसांवर.
आकडा मोठ्यानं वाचला.
रजिस्टर मिटलेलंच होतं.