तटस्थ, एक

साहेबांनी विचारलं,
याआधी या संस्थेत अविश्वास ठराव आला होता का?
म्हणून मला घरून बोलावलं.
सेक्रेटरीपद सोडून चौदा वर्षं झाली,
पण कपाटाची किल्ली कुठं अडते ते अजून मलाच ठाऊक.

एकोणऐंशी सालची वही.
कृष्णेच्या पुरात भिजून फुगलेली,
शाई चहासारखी झालेली. अक्षर माझं.

तेव्हा अध्यक्ष बाळगोंडा चौगुले.
आरोप एवढाच : पाण्याची पाळी मोडली,
स्वतःच्या उसाला रात्री चार तास जादा.
ठराव धोंडी माळ्याचा. त्याला वाचता येत नव्हतं,
माझा घसा बसलेला.
तेव्हा अध्यक्षांनीच कागद मागून घेतला,
धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला
आणि स्वतःवरचा आरोप स्वतः वाचला,
एकही शब्द न गिळता.
मध्येच थांबून म्हणाले,
"चार नव्हं, पाच तास. सेक्रेटरी, दुरुस्त करा."
वहीत आहे ते. चार खोडून पाच. शेजारी त्यांची सही.

आता अध्यक्ष शीतल मगदूम.
आरोपपत्र एकवीस पानी, वकिलानं टाईप केलेलं,
कुणी उघडलंसुद्धा नाही.
नऊ संचालक चार दिवस गणपतीपुळ्याला होते,
आज पलूसच्या फाट्यावरून एकाच गाडीनं आले,
सगळ्यांची नाकं सारखीच सोललेली,
सगळ्यांचे फोन ड्रायव्हरच्या पिशवीत.
अध्यक्ष आले नाहीत, त्यांचा स्थगितीचा कागद आला.
दुपारी दुसरा कागद आला आणि पहिल्यावर बसला.
मग पाच मिनिटांत नऊ हात.
फटाके सकाळीच आणून ठेवले होते.

साहेब वही चाळत म्हणाले,
काका, तेव्हाची माणसंच वेगळी.
मी हो म्हणणार होतो.

तेवढ्यात अश्विनी वायदंडे,
सहलीला न गेलेली एकटी संचालक,
टेबलाशी येऊन म्हणाली,
"आमचा आजा होता न्हवं तेव्हा? बघा की नाव."

होता. यादीत शेवटचा.
बाजूनं सहा. विरुद्ध सहा. तटस्थ, एक.
अध्यक्षांच्या निर्णायक मतानं ठराव बारगळला.
तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं.
"आजा गप बसणारा न्हवता."

नव्हता.
तुका वायदंडे उंबऱ्याबाहेर बसायचा, पायरीवर,
चपलांशेजारी. त्याचा कप वेगळा, वळचणीला खोचलेला.
त्याचे बारा गुंठे पाइपलाइनच्या पार टोकाला,
तिथं पाणी पोचायच्या आत वीज जायची.
त्या दिवशी त्यानं हात वर केला होता.
दाराच्या चौकटीत तेवढाच दिसत होता,
कोपरापासून वर.
मी पाहिला.
अण्णांनीही पाहिला असणार, चष्मा नुकताच पुसला होता.
आत ये, असं कुणी म्हणालं नाही
आणि मोजणी आतल्यांची झाली.
मला लिहायला काहीतरी हवं होतं.
मॅट्रिकला पाठ केलेला शब्द आठवला, वजनदार.
तटावर उभा राहिलेला.
नदी त्याच्या रानापासून दोन मैल.

आज साहेबांनी अश्विनीचा हात मोजला
तो खुर्चीतून उठून, पूर्ण नाव विचारून.
ठरावाविरुद्ध एकटाच होता.
नव्या वहीत तो तसाच आहे.

"जुन्यात दुरुस्ती करता येती का?" ती म्हणाली.
साहेब म्हणाले, नियमात बसत नाही.

मी एक पान मागं उलटलं.
चार खोडून पाच.
बाहेर दुसरी माळ लागली.
माझ्या खिशात पेन होतं,
त्यात रिफिल कुठली, काही आठवेना.